फोर्ट केसी आणि फोर्ट एबी : तोफा गेल्या, इमारती उरल्या, त्या कशा पाहाव्यात?

पश्चिमवारा (धागालेखक)

सिअ‍ॅटलच्या परिसरात राहणारी मराठी मंडळी व्हिडबी बेटावर जातात, ती बहुधा डिसेप्शन पासचा पूल पाहण्यासाठी आणि पाहुण्यांना फेरीबोटीत बसवून आणण्यासाठी. वाटेत फोर्ट केसी नावाचे राज्य उद्यान लागते. तेथे हिरवळीवर पतंग उडवले जातात, दीपगृहासमोर छायाचित्रे काढली जातात, दोन मोठ्या तोफांच्या अंगाखांद्यावर मुले चढतात आणि मंडळी जेवायला कूपव्हिलला निघून जातात. ज्यांच्यासाठी हे उद्यान राखलेले आहे, त्या काँक्रीटच्या लांबच लांब इमारतींत मात्र फार थोडे लोक शिरतात आणि जे शिरतात ते "आत काही नाही, नुसता अंधार आहे" असे सांगत बाहेर येतात. आत पुष्कळ काही आहे, असे माझे म्हणणे आहे. या इमारती राहण्यासाठी किंवा लपण्यासाठी बांधलेल्या नव्हत्या. प्रत्येक इमारत एक यंत्र होती आणि त्या यंत्राचे पोलादी भाग काढून नेल्यावर उरलेला साचा आज आपल्यासमोर उभा आहे. भिंतीतील प्रत्येक भोक, छतातील प्रत्येक लोखंडी पट्टी आणि जिन्याचे प्रत्येक वळण कोणत्या तरी कामासाठी होते, हे एकदा लक्षात आले की रिकाम्या खोल्या वाचता येऊ लागतात.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. प्युजेट साउंड या आखाताचे तोंड म्हणजे अ‍ॅडमिरल्टी इनलेट ही सामुद्रधुनी. आत सिअ‍ॅटल, टकोमा ही बंदरे आहेत आणि ब्रेमर्टन येथे १८९१ मध्ये स्थापन झालेली नौदलाची गोदी आहे. अमेरिकेच्या किनाऱ्यावरील संरक्षण कालबाह्य झाले आहे, हे ओळखून १८८५ मध्ये युद्धमंत्री विल्यम एंडिकॉट यांच्या अध्यक्षतेखाली एक मंडळ नेमले गेले आणि त्या मंडळाच्या शिफारशींनुसार पुढील दोन दशकांत देशभर काँक्रीटच्या तोफखान्यांची साखळी उभी राहिली. अ‍ॅडमिरल्टी इनलेटच्या मुखाशी तीन ठाणी बांधली गेली : व्हिडबी बेटावर फोर्ट केसी, समोर पोर्ट टाउनसेंडला फोर्ट वर्डन आणि मॅरोस्टोन बेटावर फोर्ट फ्लॅगलर. या तिघांच्या माऱ्याच्या टापूला 'ट्रँगल ऑफ फायर' असे नाव पडले. फोर्ट केसीचे बांधकाम १८९७ च्या सुमारास सुरू झाले. त्या जागी १८६१ पासून उभे असलेले जुने दीपगृह तोफांच्या आड येत होते, म्हणून ते हलवावे लागले आणि आज आपण पाहतो ते विटांचे दीपगृह १९०३ मध्ये बांधले गेले.

पूर्ण भरात असताना फोर्ट केसीवर एकूण ३५ तोफा होत्या : दहा इंची सात, सहा इंची सहा, पाच इंची दोन, तीन इंची चार आणि बारा इंची उखळी तोफा सोळा. आज तेथे दिसणाऱ्या तोफा यांपैकी नाहीत. मूळच्या काही तोफा पहिल्या महायुद्धात युरोपकडे पाठवण्यासाठी काढल्या गेल्या आणि उरलेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भंगारात गेल्या. 'बॅटरी वर्थ'वर (बॅटरी म्हणजे एकत्र मारा करणाऱ्या तोफांचा गट आणि त्यांची इमारत) आता असलेल्या दोन दहा इंची तोफा फिलिपिन्समधील सुबिक उपसागरातल्या फोर्ट विंट या ठाण्यावरून १९६८ मध्ये येथे आणून बसवल्या. फोर्ट विंट डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिकी सैन्याला सोडावे लागले होते. या तोफांच्या पोलादावर युद्धातील माऱ्याच्या खुणा आहेत. जवळ गेल्यास त्या हाताला लागतात.

आता इमारतीकडे वळू. समुद्राच्या बाजूने पाहिल्यास काहीच दिसत नाही. गवताने झाकलेला उतार दिसतो. तो उतार म्हणजेच कित्येक फूट जाडीच्या काँक्रीटच्या तटापुढे घातलेला मातीचा भराव होय. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या वळणाआड असल्यामुळे समोर उभे राहिल्याशिवाय दिसत नाही, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या कल्पनेत नवे काही वाटणार नाही. मागच्या बाजूने गेले की दोन मजली रचना उघडी पडते. वर तोफेचा चौथरा आणि खाली दारूकोठार. दहा इंची तोफेचा एक गोळा ६०० पौंडांहून अधिक, म्हणजे सुमारे २८० किलो वजनाचा. तो माणसांनी उचलायचा नसतो. म्हणून कोठाराच्या छताला लोखंडी रूळ बसवले होते, त्यांवरून साखळी-कप्पीची गाडी फिरत असे आणि गोळा टांगून उद्वाहकापर्यंत नेला जाई. हे रूळ अनेक खोल्यांत अजून आहेत. विजेरीचा झोत छतावर टाकून त्यांच्या मागे चालत गेले तर गोळ्याचा पूर्ण प्रवास पायांखाली येतो : गोळ्यांच्या खोलीतून बोळात, बोळातून उद्वाहकाच्या भोकाशी, तेथून वरच्या मजल्यावर.

भिंतींत जागोजागी चौकोनी कोनाडे आहेत. पुष्कळांना ती देवळी वाटते. वीज येण्यापूर्वी त्यांत कंदील ठेवत असत, पण कंदिलाची ज्योत आणि दारूच्या पिशव्या एकाच हवेत राहू नयेत म्हणून कोनाड्याला दारूच्या बाजूने काच आणि बोळाच्या बाजूने उघडता येणारे दार असे. ज्या खोलीच्या कोनाड्यात काचेच्या चौकटीची खाच सापडते, ती खोली दारूची, असे ओळखण्यास हरकत नाही.

चौथऱ्यावर गेल्यावर मधोमध गोल विहीर दिसते. रिकाम्या बॅटऱ्यांमध्ये ती बुजवलेली किंवा पाण्याने भरलेली असते आणि तिचे प्रयोजन कळत नाही. तिचे उत्तर बॅटरी वर्थवर आहे. या तोफा 'डिसअपिअरिंग कॅरेज'वर, म्हणजे लपणाऱ्या गाड्यावर बसवलेल्या आहेत. तोफेची नळी दोन जाड तरफांच्या वरच्या टोकांवर असते आणि खालच्या टोकांना शिशाचा प्रचंड प्रतिभार विहिरीत लोंबकळत असतो. बार उडाला की धक्क्याने नळी मागे आणि खाली येते, प्रतिभार वर उचलला जातो आणि खिट्टी त्याला तेथेच अडकवते. तटाच्या आड सुरक्षितपणे तोफ पुन्हा भरली की खिट्टी सोडायची. प्रतिभार खाली जातो आणि तीस टनांहून जड नळी तटावर डोके काढते. शत्रूच्या जहाजाला तोफ दिसते ती काही सेकंदच. बारूदीच्याच धक्क्यातून पुढच्या हालचालीसाठी शक्ती साठवून ठेवणारी ही योजना मला आजही अत्यंत देखणी वाटते.

फोर्ट एबी तेथून थोड्या अंतरावर उत्तरेला आहे आणि त्याची जात वेगळी आहे. त्याविषयी चर्चेत लिहीन. कोणी गेले असल्यास आपली निरीक्षणे अवश्य नोंदवावीत.

रेवदंडेकर

लेख आवडला. आमच्या अलिबाग-मुरूडकडच्या माणसाला समुद्राकडे तोंड करून उभा असलेला कोणताही तट आपलाच वाटतो. जंजिऱ्याची कलालबांगडी पाहून येणारे लोक तोफ किती लांब आहे एवढेच सांगतात. ती बुरुजावर नेमकी कोठे ठेवली आहे आणि तेथून खाडीचा कोणता भाग तिच्या माऱ्यात येतो, हे कोणी पाहत नाही. त्यामुळे आपला मुद्दा पटला.

याच जातीची वास्तू पाहायची असेल तर मुंबईकरांना अमेरिकेस जाण्याची आवश्यकता नाही. घारापुरीची लेणी पाहून झाल्यावर टेकडीच्या माथ्यावर चढून गेल्यास ब्रिटिश काळातील दोन मोठ्या किनारी तोफा अजून जागेवर आहेत. त्यांच्यासमोर मुंबई बंदर पसरलेले आहे. गेटवेहून येणारे बहुतेक पर्यटक लेण्यांवरूनच परत फिरतात. माझा प्रश्न असा, की घारापुरीच्या तोफा लपणाऱ्या गाड्यावर नाहीत, त्या उघड्या चौथऱ्यावर फिरत्या बैठकीवर आहेत. मग ब्रिटिशांनी लपणारी पद्धत का वापरली नाही?

पश्चिमवारा

रेवदंडेकर, आपला प्रश्न नेमका आहे. ब्रिटिशांनीही लपणाऱ्या तोफा वापरल्या होत्या, पण त्यांनी तो मार्ग अमेरिकेच्या बराच आधी सोडला. त्यांचा युक्तिवाद असा होता, की चार-पाच मैलांवरच्या हलत्या जहाजावरून किनाऱ्यावरील एका तोफेला नेमका गोळा लागण्याची शक्यता इतकी कमी आहे, की त्यासाठी एवढे गुंतागुंतीचे आणि खर्चिक यंत्र करण्यात अर्थ नाही. साधी फिरती बैठक, पुढे ढाल आणि जलद मारा हे त्यांना पुरेसे वाटले. अमेरिकेत मात्र लपणारा गाडा दीर्घकाळ टिकला. मला विचाराल तर हिशेब ब्रिटिशांचा बरोबर होता. यंत्र अमेरिकेचे अधिक सुंदर होते.

अनामिक वाटसरू

लेखनाची मेहनत मान्य करूनही एक शंका मांडतो. या ठाण्यावरून शत्रूवर एकही गोळा झाडला गेला नाही, असे मी वाचले आहे. म्हणजे पन्नास वर्षे सरकारी पैसा काँक्रीटमध्ये ओतला आणि अखेर पतंग उडवण्याची जागा तयार झाली. आपल्या गडकोटांवर माणसे लढली, उपासमार सोसली, तह झाले. ज्या वास्तूत काही घडलेच नाही, तिला वारसा म्हणून इतके महत्त्व का द्यावे? ती एखाद्या बंद पडलेल्या गिरणीसारखी आहे, एवढेच म्हणता येईल.

निवृत्त तोफची

वाटसरूंच्या शंकेला मी उत्तर देतो, कारण माझे आयुष्य तोफखान्यात गेले आहे आणि देवळालीच्या तोफखाना विद्यालयात मीही धडे गिरवले आहेत.

किनारी तोफखान्याचे यश गोळ्यांच्या संख्येवर मोजत नाहीत. जहाज हे फार महाग आणि बुडणारे साधन आहे. जमीन बुडत नाही. किनाऱ्यावर पक्क्या बांधणीच्या मोठ्या तोफा आहेत एवढे ठाऊक असले तरी शत्रूचा सेनापती त्या सामुद्रधुनीत युद्धनौका घालण्यापूर्वी दहा वेळा विचार करतो. तोफा न उडणे हाच त्या खर्चाचा परतावा होता. अर्थात हा परतावा किती वर्षे मिळाला, हा प्रश्न रास्त आहे आणि माझ्या मते फार वर्षे नाही. त्याचे कारण पुढे सांगतो.

त्याआधी लेखकाने एक गोष्ट वगळली आहे, तिच्याकडे लक्ष वेधतो. तोफखान्याचा मेंदू तोफेजवळ नसतो. फोर्ट केसीवर बॅटऱ्यांच्या मागच्या उतारावर अरुंद आडव्या फटी असलेल्या लहान लहान काँक्रीटच्या खोल्या असणार. त्या पहाऱ्याच्या चौक्या नव्हेत. त्यांत दुर्बिणी बसवून जहाजाची दिशा मोजली जात असे. एकमेकांपासून मोजून ठरवलेल्या अंतरावरील दोन कक्षांतून एकाच क्षणी दिशा मोजली की त्रिकोण पूर्ण होतो आणि जहाजाची जागा मिळते. तो 'एकच क्षण' साधण्यासाठी सर्व कक्षांत एक घंटा ठरावीक सेकंदांनी वाजत असे. घंटा वाजली की दोन्ही निरीक्षक कोन वाचत, दूरध्वनीवरून तो प्लॉटिंग रूममध्ये सांगत आणि तेथे मोठ्या फलकावर जहाजाचा मार्ग बिंदू-बिंदूने आखला जाई.

आता अडचण पाहा. ताशी १५ सागरी मैल वेगाने जाणारे जहाज ३० सेकंदांत सुमारे २३० मीटर पुढे सरकते. गोळा हवेत असतो तेवढ्या वेळात ते आणखी पुढे जाते. म्हणजे जहाज आता कोठे आहे हे कळून उपयोग नाही. ते गोळा पडण्याच्या क्षणी कोठे असेल, तेथे नेम धरावा लागतो. त्यात वारा, हवेची घनता, दारूचे तापमान यांच्या दुरुस्त्या घालायच्या आणि आलेला आकडा तोफेवरच्या माणसाला सांगायचा. तोफेवरच्या बहुतेक जवानांना लक्ष्याकडे पाहण्याचे कामच नव्हते. ते फलकावरचे आकडे पाहत.

स्थापत्यवेडी

तोफची काका, फारच सुंदर समजावलेत. एक उपप्रश्न विचारते. मी असे वाचले होते, की उंच कड्यावरील एकाच कक्षातूनही अंतर मोजता येत असे, कारण कक्षाची उंची ठाऊक असते आणि जहाजाच्या पाणरेषेकडे पाहताना दुर्बीण किती खाली झुकली, तो कोन मिळतो. पण मग भरती-ओहोटीचे काय? पाण्याची पातळी बदलली की उंचीच बदलली!

निवृत्त तोफची

शाबास! नेमके हेच. समजा दुर्बीण पाण्यापासून ३० मीटर उंच आहे आणि जहाज ६ किलोमीटरवर आहे. झुकाव एक तृतीयांश अंशाहूनही कमी भरतो. ओहोटीने पाणी ३ मीटर खाली गेले आणि आपण ते हिशेबात धरले नाही, तर उंचीत दहा टक्के चूक आणि म्हणून अंतरातही दहा टक्के चूक, म्हणजे गोळा ६०० मीटर चुकणार. त्यामुळे भरतीची पातळी सतत मोजून निरीक्षण कक्षाला कळवण्याची व्यवस्था ठेवावी लागे. प्युजेट साउंडसारख्या ठिकाणी, जेथे भरती-ओहोटीतील फरक ३ मीटरपर्यंत जाऊ शकतो, तेथे ही व्यवस्था चैन नव्हती, गरज होती. जास्त अंतरासाठी मात्र दोन कक्षांचा त्रिकोणच विश्वासार्ह.

आता कालबाह्यतेविषयी. लपणाऱ्या गाड्यावर तोफेची नळी फार वर उचलता येत नाही. साधारण १५ अंशांच्या आसपास मर्यादा येते. त्यामुळे दहा इंची तोफेचा पल्ला सुमारे ८ मैल. ती बसवली तेव्हा हा पल्ला भरपूर होता, कारण सामुद्रधुनीच साडेतीन-चार मैल रुंद आहे. पण १९०६ मध्ये 'ड्रेडनॉट' ही ब्रिटिश युद्धनौका पाण्यात उतरली आणि त्यानंतर नौदलाच्या तोफांचे पल्ले झपाट्याने वाढत गेले. लांबून येणारा गोळा सपाट येत नाही, तर वरून तिरका पडतो. समोरचा वीस फुटी तट त्याला अडवत नाही आणि वरून उघडा असलेला चौथरा त्याच्यासाठी खड्डाच ठरतो. पुढे विमाने आली तेव्हा तर प्रश्नच मिटला. दहा-पंधरा वर्षांत ही बांधणी जुनी झाली, हे वाटसरूंनी म्हटले असते तर मी मान डोलावली असती.

अनामिक वाटसरू

निवृत्त तोफची यांचे आभार. दहा-पंधरा वर्षांत जुनी होणारी वस्तू शतकभर टिकेल अशी बांधणे, ही विसंगती मला अजूनही खटकते. परंतु तोफा न उडणे हाच परतावा, हा मुद्दा मी विचारात घेतो. गिरणीची उपमा मागे घेत नाही, कारण बंद गिरणीतही पाहण्यासारखे पुष्कळ असते, हे मी गिरणगावात वाढल्यामुळे जाणतो.

पश्चिमवारा

तोफची काकांनी ज्या आडव्या फटींच्या खोल्या वर्णन केल्या, त्या फोर्ट केसीवर जशाच्या तशा आहेत आणि हिरवळीवरून मागे वळून पाहिल्यास उतारात अर्धवट पुरलेल्या दिसतात. तेथपर्यंत पायवाट आहे.

कालबाह्यतेच्या मुद्द्याला धरूनच फोर्ट एबीकडे येतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने जुन्या बॅटऱ्या सोडून एका ठरावीक नकाशाच्या नव्या बॅटऱ्या किनाऱ्यांवर बांधायला घेतल्या. त्यांना नावांऐवजी क्रमांक दिले होते. एबीवरील 'बॅटरी २४८' ही त्यांपैकी एक, १९४२ मधील. येथे तोफा फक्त दोन आणि त्याही सहा इंची. परंतु नव्या बैठकीवर नळी पुष्कळ वर उचलता येत असल्यामुळे त्यांचा पल्ला सुमारे १५ मैल होता. केसीच्या दहा इंची तोफेहून लहान तोफ जवळजवळ दुप्पट लांब मारा करत होती! दोन्ही तोफांच्या मध्ये, मातीखाली पूर्ण पुरलेली एकच मोठी इमारत आहे. तीत गोळे, दारू, वीजनिर्मितीची खोली असे सारे एका छताखाली. केसीची बॅटरी आकाशाकडे उघडी आहे, एबीची नाही. वरून येणाऱ्या धोक्याविषयी चाळीस वर्षांत काय शिकायला मिळाले, ते या दोन इमारती लागोपाठ पाहिल्या की कोणी सांगावे लागत नाही. म्हणूनच माझा आग्रह आहे, की आधी केसी आणि मग एबी पाहावे.

एबीमध्ये तोफांच्या जागी गोल चौथरे उरले आहेत. आतील मुख्य बोळात मात्र दाराच्या उजेडापासून थोडे दूर गेले की स्वतःचा हातही दिसत नाही.

रेडमंडची माई

आम्ही मुलांना घेऊन पुढच्या महिन्यात जाण्याचा विचार करीत आहोत. मुले सात आणि अकरा वर्षांची आहेत. आत जाणे सुरक्षित आहे का? आणि काही तिकीट लागते का?

पश्चिमवारा

माई, अवश्य जा, पण दोन गोष्टी पाळा. केसीच्या चौथऱ्यांना जेथे तोफ खाली येत असे, त्या बाजूला सरळ खाली उतरणाऱ्या कडा आहेत आणि सर्व ठिकाणी रेलिंग नाही. वर मोकळे पटांगण पाहून मुले धावतात आणि कडा शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. सात वर्षांच्या मुलाचा हात वर असेपर्यंत सोडू नका. दुसरे म्हणजे प्रत्येकाकडे स्वतंत्र विजेरी द्या. भ्रमणध्वनीचा उजेड एका खोलीपुरता ठीक असतो, पण जमिनीत केबल आणि निचऱ्यासाठी काढलेल्या चऱ्या आहेत, त्यांत पाय मुरगळतो. ज्या दारांना कुलूप आहे ती सोडून द्यावीत.

उद्यानात वाहन उभे करण्यासाठी वॉशिंग्टन राज्याचा डिस्कव्हर पास लागतो. एकाच दिवसाच्या पासवर केसी आणि एबी दोन्ही होतात. मुकिल्टिओहून क्लिंटनला जाणारी फेरी साधारण वीस मिनिटांची आहे. उन्हाळ्यात केसीवर स्वयंसेवक माहिती सांगत फेऱ्या काढतात. तोफेचे प्रात्यक्षिक होत नाही, पण गाड्याचे भाग ते हात लावून दाखवतात. अकरा वर्षांच्या मुलाला फार आवडेल.

स्थापत्यवेडी

मी इमारतीच्या आरोग्याविषयी थोडे लिहिते, कारण छायाचित्रांत छतावरून लोंबणारे पांढरे सुळके दिसले आणि ते पाहून अनेकांना इमारत ढासळते आहे असे वाटू शकते.

पावसाचे पाणी काँक्रीटमधून झिरपताना सिमेंटमधील चुना विरघळवून घेऊन येते. छताच्या खालच्या बाजूस हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याचा कॅल्शियम कार्बोनेट तयार होतो आणि थेंबाथेंबाने सुळका वाढतो. गुहांतील सुळक्यांहून हे कितीतरी जलद वाढतात. त्याने इमारतीला तातडीचा धोका नसतो. मात्र पाणी आत येत आहे हे निश्चित होते. दारूकोठारात ओल हा या बांधकामांचा पहिल्या दिवसापासूनचा शत्रू होता, कारण ओली दारू म्हणजे अनिश्चित पल्ला.

खरा धोका लोखंडाचा आहे. १९०० च्या आसपासच्या या बॅटऱ्या मुख्यतः भरीव काँक्रीटच्या आहेत. आजच्या इमारतींसारखी सळयांची जाळी त्यांत जवळजवळ नाही. हे त्यांच्या दीर्घायुष्याचे एक मोठे कारण आहे, कारण गंजायला आत लोखंडच कमी. पण खोल्यांच्या छतांत पोलादी तुळया घातलेल्या असतात. खाऱ्या हवेत त्या गंजतात, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि त्या दाबाने काँक्रीटचे पापुद्रे सुटून खाली पडतात. म्हणून सरळ रेषेत समांतर भेगा आणि तांबूस डाग जेथे दिसतील, त्या छताखाली उभे राहू नये. याउलट एबीची १९४२ ची इमारत सळयांच्या काँक्रीटची आहे. ती अधिक आधुनिक असली तरी किनाऱ्यावर ती जुनीपेक्षा आधी थकली तर मला नवल वाटणार नाही.

रेवदंडेकर

ही माहिती कोकणातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत लावून ठेवावी अशी आहे. समुद्रकिनारी वीस वर्षांत सळया उघड्या पडलेल्या इमारती आम्ही रोज पाहतो आणि शेजारी सिद्दीचा चुन्यातला तट तसाच उभा असतो.

एक विचारतो, उखळी तोफांचे काय झाले? सोळा म्हणजे सर्वांत मोठा भाग तोच दिसतो.

पश्चिमवारा

होय, आणि पाहणाऱ्यांचे सर्वांत जास्त दुर्लक्ष त्यांच्याकडेच होते. बॅटरी सेमूर आणि बॅटरी शेंक अशा दोन बॅटऱ्यांत प्रत्येकी आठ उखळ्या होत्या. त्या कड्यावर नसून मागे, खोल चौकोनी खड्ड्यांत होत्या; प्रत्येक खड्ड्यात चार. समुद्र तेथून मुळीच दिसत नाही आणि दिसण्याची गरजही नव्हती. गोळा आकाशात उंच उडवून जहाजाच्या डेकवर वरून पाडायचा, कारण जहाजाचे चिलखत बाजूंना जाड आणि वर पातळ असे. मूळ कल्पना अशी होती, की सोळा उखळ्या एकदम उडवल्या की गोळ्यांचा सडा पडेल आणि त्यातला एखादा तरी लागेल. नेम धरण्याची पद्धत सुधारल्यावर हा सडा अनावश्यक ठरला. शिवाय एका खड्ड्यात चार उखळ्या म्हणजे माणसांची इतकी गर्दी, की भरायला वेळ लागे. म्हणून अनेक ठाण्यांवर पुढे प्रत्येक खड्ड्यातील दोन काढून टाकल्या. खड्ड्यात उभे राहून टाळी वाजवली तर चार भिंतींमधला आवाज कानावर आदळतो. तेथे एकाच वेळी चार बारा इंची उखळ्या उडत होत्या, हे ध्यानात घेऊन भिंतींची जाडी पाहावी.

पोर्ट टाउनसेंडकर

धागा उशिरा पाहिला. मी फोर्ट वर्डनच्या बाजूला राहतो, म्हणून त्रिकोणाच्या दुसऱ्या टोकाविषयी लिहितो. केसीखालच्या धक्क्यावरूनच पोर्ट टाउनसेंडची फेरी सुटते; ती घेतल्यास ज्या पाण्यावर या तोफा रोखलेल्या होत्या ते पाणी प्रत्यक्ष ओलांडता येते. मध्यावर आल्यावर दोन्ही किनाऱ्यांकडे पाहावे. कोठेही तोफखाना दिसत नाही, इतका तो उतारात मिसळलेला आहे.

फोर्ट वर्डन १९५३ मध्ये लष्कराने सोडले, मग काही वर्षे तेथे अल्पवयीन मुलांसाठी राज्याची संस्था होती आणि १९७३ पासून ते राज्य उद्यान आहे. टेकडीवरील बॅटऱ्यांच्या रांगेतील बोळ केसीपेक्षा लांब आणि अधिक अंधारे आहेत. खाली किनाऱ्यालगत, दीपगृहाजवळ बॅटरी किंझी आहे. तिच्या बारा इंची तोफा गेल्या असल्या तरी दोन मजले आणि उद्वाहकांच्या जागा फार नीट समजतात. टेकडीवर सुमारे ७५ लाख लिटरची जमिनीखालची पाण्याची टाकी आहे. ती रिकामी झाल्यावर आत पंचेचाळीस सेकंदांपर्यंत आवाज घुमतो असे लक्षात आले आणि १९८८ मध्ये संगीतकारांनी आत उतरून ध्वनिमुद्रण केले. ती एरवी बंद असते, त्यामुळे तिच्या आशेने येऊ नये.

स्थापत्यवेडी

पश्चिमवारा, पुन्हा जाणे झाले तर एक काम सांगू का? बॅटरी वर्थच्या दारूकोठारात छताच्या पोलादी तुळया जेथे उघड्या दिसतात, तेथे दोन तुळयांमधील अंतर आणि तुळईच्या खालच्या पट्टीची रुंदी मोजून येथे लिहावी. त्यावरून वरच्या काँक्रीटचे वजन छताने कसे पेलले असेल, याचा ढोबळ हिशेब मांडता येईल. एबीचेही एखाद्या ठिकाणी काँक्रीट सुटून सळई उघडी पडली असेल, तर तिचा व्यास हवा आहे.

पश्चिमवारा

अवश्य. मोजपट्टी घेऊनच जातो. एबीमध्ये उघडी सळई कोठे आहे ते ठाऊक आहे. दक्षिणेकडच्या चौथऱ्यालगतच्या दारावर, डोक्याच्या उंचीला. व्यासाबरोबर सळयांमधील अंतरही लिहून आणतो आणि छायाचित्रे येथेच चढवतो.